शिवण

आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर मऊ गाद्यांची आणि चेंडूंच्या हौदाची, लहान मुलांसाठीची एक खोली आम्ही चालवतो. सुरुवातीला स्वच्छता म्हणजे फिनेलचा वास, अशी आमची समजूत होती. पालक दारातच तो वास घेत आणि निश्चिंत होत, आम्हीही.

एका दुपारी दीड वर्षाच्या मुलीच्या तोंडातून स्पंजचा तुकडा काढावा लागला. गादीची शिवण उसवली होती. आठवडाभर आम्ही तिच्यावरून फडके फिरवत होतो, पण ती पाहिली नव्हती. मुलगी सुखरूप राहिली. आमची निश्चिंती मात्र गेली.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी डोळे आणि बोटे : शिवणी, जाळीच्या गाठी, हौदाच्या तळाशी पडलेल्या पिना. मग साबण-पाणी, कारण मळामुळे जंतुनाशकाचा प्रभाव कमी होतो. मग पाण्यात पातळ केलेले सोडियम हायपोक्लोराइट. तेही लगेच पुसायचे नाही, जंतू मरायला काही मिनिटे लागतात. शेवटी पुन्हा साधे पाणी, कारण मुले चाटतात.

आपले सोवळे अस्पर्शावर उभे आहे : जे कुणी शिवले नाही ते शुद्ध. मूल तर जग हाताने आणि जिभेने ओळखते. त्याच्यासाठी स्वच्छ तेच, जे निर्धास्तपणे शिवता येते.

ती गादी आम्ही बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून आणली. रोज तिच्यावरून हात फिरवल्यावरच आम्ही दार उघडतो.