तिसरा रकाना

परवां आमच्या वसईच्या घरीं मुलें वसईचा वेढा खेळत होतीं. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवर एकजण सूत्रधार होतो, बाकीचे सोंगें घेतात आणि अडल्या ठिकाणीं फांसा निकाल देतो. खेळाचा उगम युद्धखेळांत. त्यामुळें नियमांत वाराचा हिशेब मोठा बारीक, मनाचा जवळजवळ नाहींच.

शेजारच्या ख्रिस्ती मुलानें विचारलें, “सर, १७३९ सालीं मी चिमाजीअप्पांकडचा कीं पोर्तुगीजांकडचा?”

मला उत्तर सुचेना. माझ्या मुलीच्या कागदावर रकाने दोनच होते. तिनें तिसरा आंखला: गांवकरी. शस्त्र नाहीं, परंतु वाट कोणाला दाखवावयाची, हें त्यानेंच ठरवावयाचें. नव्या नियमकारांनीं इकडे वळावें, असें मला वाटतें. त्या रात्रीं तटाला सुरुंग लागावयास फार उशीर झाला.