अस्वलाच्या घरी

मोटरहोम भाड्याने घ्यायचं ठरलं त्या रात्री लेकीने टेबलावर नकाशा पसरला आणि मी पंचांग काढलं. तिला मैल मोजायचे होते, मला अमावास्या हवी होती. डेन्व्हरहून वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर सुमारे 400 मैल. तिथे रात्र काळीकुट्ट हवी, कारण मला त्या खडकाशेजारी उगवणाऱ्या कृत्तिका पाहायच्या आहेत.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी कायोवा लोक सांगतात, सात मुलींच्या मागे अस्वलं लागली. त्या एका बुटक्या खडकावर चढल्या, त्याला विनवू लागल्या, आणि तो वाढत वाढत आभाळाला टेकला. अस्वलांच्या नख्यांचे उभे ओरखडे खडकावर राहिले, मुलींच्या कृत्तिका झाल्या. कायोवा लेखक एन. स्कॉट मोमाडे यांनी लिहिलेल्या कथेत मात्र बहिणी सप्तर्षींचे तारे होतात. आपल्याकडे कृत्तिका म्हणजे सप्तर्षींच्याच दुरावलेल्या बायका. मोमाडे यांची ती कथा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी होते.

लाकोटा लोक त्या खडकाला ‘मॅटो टिपिला’ म्हणतात, अस्वलाचं घर. सैतानाचं नाव 1875 च्या लष्करी मोहिमेत पडलं. मी तर अस्वलाचं घरच म्हणणार.

ते ओरखडे म्हणजे दगडाचे खांब. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी शिलारस निवताना आकसला, तडकला, आणि पाच-सहा बाजूंचे खांब उभे राहिले. असे खांब मी लहानपणापासून ओळखते. आमच्या अंधेरीचं गिल्बर्ट हिल तसंच, काळ्या बेसाल्टचं, 200 फुटांच्या आसपास, माथ्यावर गावदेवी. आईचा हात धरून त्या पायऱ्या चढले आहे. पण भोवतालचा दगड खाणींनी नेला आणि मग इमारती अगदी अंगाशी आल्या. अस्वलाच्या घराला थिओडोर रूझवेल्ट यांनी 24 सप्टेंबर 1906 रोजी राष्ट्रीय स्मारक केलं, अमेरिकेतलं पहिलं. पायथ्यापासून 867 फूट उंच तो खडक आजही माळावर एकटा उभा आहे. आमच्या टेकडीच्या वाट्याला हे मोकळेपण आलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

वाट मात्र गाडीच ठरवते. वाटेतल्या कस्टर स्टेट पार्कमधल्या नीडल्स रस्त्यावरचा एक बोगदा जेमतेम 8 फूट रुंद, त्यात आमची गाडी मावणार नाही. तो रस्ता सोडला. बॅडलँड्सला एक दिवस. विंड केव्ह सर्वांत आधी, कारण आपले पूर्वज त्या गुहेतूनच जमिनीवर आले, असं लाकोटा मानतात. 1903 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या गुहेच्या छतावर कॅल्साइटच्या पातळ पापुद्र्यांची जाळी आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पूर्वजांच्या दारातून निघायचं आणि सर्वपित्रीला अस्वलाच्या घरी पोहोचायचं, असा बेत जुळला.

तिथल्या तळावर गाडीला वीज-पाणी जोडता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी पाण्याची टाकी भरायची, सांडपाण्याची रिकामी करायची, बॅटरी चार्ज करून ठेवायची. डब्यात भाजणी, मेतकूट, खिरीचे तांदूळ. प्राणी-पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे, त्यामुळे कावळ्यासाठी घास बाहेर ठेवता येणार नाही. आईचं पान गाडीतच, खिडकीशी वाढणार आहे. रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका पूर्वेला वर आलेल्या असतील.

तुम्हीही कधी जाल. जूनमध्ये तिथे अनेक जमातींचे विधी चालतात, म्हणून 1995 पासून गिर्यारोहकांना त्या महिन्यात खडकावर चढू नका अशी विनंती केली जाते. पायथ्याच्या झाडांना रंगीत फडकी बांधलेली दिसतील. ती कुणाची तरी प्रार्थना आहे. त्यांना हात लावू नका, फोटोही काढू नका.