शिवणीतली माया

निकाह ठरला की मेहर, पाहुण्यांची यादी आणि जेवण यांच्या पाठोपाठ एक विषय हळूच पुढे येतो. तो म्हणजे नवरदेवाचा जोडा. आपल्या अनेक घरांत अजूनही हा जोडा, म्हणजे शेरवानी किंवा सूट, बूट आणि घड्याळ, मुलीकडून यायचा असतो. तोंडाने कोणी मागत नाही. "ते खुशीने देतात" असे म्हटले जाते, आणि मुलीचे वडील त्या खुशीसाठी कुठून तरी पैशांची सोय करतात.

आमच्या मोठ्या मुलाचा निकाह ठरला तेव्हा वलीम्याचा सूट आपल्याच पैशांतून घ्यायचा, असे आम्ही ठरवले. खरे तर आम्हा दोघांच्या आधी मुलानेच ते ठरवले होते. समधींना पहिल्याच बैठकीत तसे सांगितले. त्यांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्या वेळी गप्प राहिले. त्यांच्या घरी पाठच्या आणखी दोन मुली आहेत, हे आम्हांला ठाऊक होते.

मग हिशेब मांडला. सूटासाठी आठ हजारांच्या वर जायचे नव्हते. कापड घेऊन शिवायचा तर आमच्या गावात बारा-तेरा हजारांखाली काम होत नाही. म्हणजे तयार सूट घेणे आले. हे ऐकून मुलाची फुफी म्हणाली, "रेडीमेड सूट भाड्याने आणल्यासारखा दिसतो. लोक म्हणतील, मुलीकडचा घेतला नाही आणि स्वतःला जमला नाही." बोलणे कडू होते, पण उडवून लावण्यासारखे नव्हते. चांगली रीत पाडताना ती नीटनेटकी दिसावी लागते. ढगळ कोट घालून मुलगा व्यासपीठावर उभा राहिला असता, तर पुढच्या घरातल्या मुलाने जोडा नाकारण्याआधी दहा वेळा विचार केला असता.

म्हणून दुकानात जाण्याआधी आम्ही मुलाला घेऊन मोहल्ल्यातल्या टेलर मास्तरांकडे गेलो. वयस्कर माणूस, चाळीसेक वर्षे याच कामात. हल्ली त्यांच्याकडे नवे शिवायला फारसे कोणी येत नाही. पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, बुरख्याची बाही आखूड करणे, असेच काम जास्त. आम्ही पेच सांगितला तेव्हा ते म्हणाले, "रेडीमेड घ्या, काही हरकत नाही. फक्त खांदा बघून घ्या. खांदा चुकला तर फुकट मिळाला तरी आणू नका. बाकीचे आपण बघू."

तयार सूट ही काही कालची गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या दुकानाने १८४९ मध्येच तयार सूट विकायला सुरुवात केली होती. तेव्हापासून अडचण एकच आहे. तयार कपडा एका ठरावीक अंगासाठी कापलेला असतो, आणि तसे अंग फार थोड्यांचे असते. छाती आणि कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरून कोट-पँटची जोडी बनवतात. ४० नंबरच्या कोटाबरोबर ३४ कंबरेची पँट, ३८ बरोबर ३२. आमच्या मुलाची छाती ३८ आणि कंबर २९. अशा मुलाने अख्खा संच घेतला की कोट बसतो आणि पँट पोत्यासारखी लोंबते. पोट सुटलेल्या माणसाचे नेमके उलटे होते. यात अंगाचा दोष काही नाही. मास्तरांनी सांगितले की पँटची कंबर इंच-दीड इंच कमी करता येते, पण तीन इंच आवळली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडतात. म्हणून कोट आणि पँट वेगवेगळ्या नंबरांत देणारे दुकान शोधा.

पहिल्या दुकानात अख्ख्या जोडीखेरीज देत नव्हते. विक्रेता कोट पाठीमागून मुठीत धरून आरशासमोर उभा करी आणि "बघा, कसा फिट बसलाय" म्हणे. मूठ सोडली की कोट पुन्हा ढगळ. दुसऱ्या दुकानात ३८ चा कोट आणि ३० ची पँट वेगवेगळी मिळाली. खांद्याची परीक्षा मास्तरांनी शिकवली होती. कोट घालून भिंतीशी कडेने उभे राहायचे आणि हळूच टेकायचे. दंड आणि खांदा बरोबर टेकले तर ठीक. दंडाच्या आधीच कोटाचा खांदा भिंतीला लागून चेपला तर कोट मोठा आहे. खांदा का महत्त्वाचा, हेही त्यांनी समजावले होते. तिथे आत पॅड असते, अस्तर असते आणि वरून बाही जोडलेली असते. खांदा कमी करायचा म्हणजे हे सगळे उसवून पुन्हा बसवायचे. त्या मजुरीत अर्धा नवा कोट येतो, आणि तरी पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही.

दुसरी परीक्षा कॉलरची. कोटाची कॉलर मानेमागे शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे, मध्ये फट नको. तिसरी लांबीची. कोटाने बैठक झाकली पाहिजे. लांबी इंचभरापेक्षा जास्त कमी केली की खिसे खालच्या काठाशी येतात आणि सगळा कोट बेढब दिसतो. खांदा, कॉलर आणि लांबी या तीन गोष्टी दुकानातच बरोबर असाव्यात. बाही, कंबर, पाठीचा घेर आणि पँटची उंची या दर्जीच्या हातातल्या गोष्टी आहेत.

चौथी परीक्षा मास्तरांनी खास आपल्यासाठी सांगितली होती. "ट्रायल रूममध्ये रुकू करून बघ, मग खाली बसून बघ. वलीम्याच्या दिवशीही जोहर पढायची आहेच ना?" हल्लीच्या बऱ्याच पँटी कंबरेला खाली बसतात. उभे असताना छान दिसतात, सजद्यात गेले की शर्ट सुटून पाठ उघडी पडते. जीन्स घालून मशिदीत येणाऱ्या मुलांच्या मागच्या सफेत हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकणे पुरुषावर बंधनकारक आहे, तेव्हा हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. आणि पँटची ही वरची उंची कोणताही दर्जी वाढवून देऊ शकत नाही, कारण तिथे कापडच नसते. या परीक्षेत मुलाने पसंत केलेली पहिली पँट नापास झाली. तिसरी पास झाली. सूट ६,८०० रुपयांना पडला.

मास्तरांकडे पुन्हा गेलो ते वलीम्याला घालायचा शर्ट आणि बूट बरोबर घेऊनच. चपला घालून पँटची उंची मोजली की बूट घातल्यावर फरक पडतो. मास्तरांनी मुलाला सरळ उभे केले. "श्वास रोखू नको, नेहमी उभा राहतोस तसा राहा," असे म्हणत तोंडात टाचण्या धरून त्यांनी काम सुरू केले. कोटाचे वरचे बटण लावले. पोटावर फुलीसारख्या ओढल्याच्या रेघा पडल्या तर कोट घट्ट, आणि मूठभर कापड हातात आले तर ढगळ. दोन्ही बाजूंच्या शिवणींतून त्यांनी थोडे थोडे आत घेतले. बाही मनगटाच्या हाडाशी संपेल अशी खडूने खूण केली, म्हणजे शर्टाची कड अर्धा इंच बाहेर दिसते. या कोटाच्या बाहीवरची बटणे नुसती शोभेची होती, त्यामुळे काम खालूनच झाले. काज खरी कापलेली असती तर बाही खांद्याकडून कमी करावी लागली असती आणि मजुरी वाढली असती. विकत घेतानाच हे बघून घ्यावे.

पँटची कंबर त्यांनी इंचभर आवळली, पण बैठकीचा भाग तसाच सैल ठेवला. मग दुकानाच्या कोपऱ्यात चादर अंथरून मुलाला कायद्यात बसायला लावले. मांडीवर कापड ताणले नाही हे पाहून त्यांनी मान हलवली.

पँटच्या लांबीवरून मात्र घरात दोन पक्ष पडतील असे वाटत होते. मुलाचे दादा वस्त्र घोट्याच्या खाली जाऊ देत नाहीत. घमेंडीने वस्त्र जमिनीवर लोळवण्याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे. घमेंड नसली तर काय, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण दादांना त्या वादात शिरायचे नव्हते. "घोटा दिसू दे, बाकी तुमचे तुम्ही बघा," एवढेच त्यांचे म्हणणे. गंमत अशी की मुलालाही तेच हवे होते. आजकाल बुटावर चुणी न पडणारी आखूड पँटच चालते. मास्तरांनी बूट घालून खूण केली, नातू आरशात बघून खूश, आजोबा खाली बघून खूश. टाय रेशमी नको, हे मुलाने स्वतःच पाहिले होते. पुरुषांना रेशीम वर्ज्य आहे, आणि साध्या पॉलिस्टरची टाय दोनशे रुपयांत मिळते.

काही गोष्टी फुकटच्या आहेत, तरी लग्नांत पाहिल्या की त्या राहून गेल्याचे दिसते. बाहीवर बाहेरून टाचलेली कंपनीची पट्टी काढायची असते. ती मिरवण्यासाठी नसते. कोटाच्या मागच्या फटीवर फुलीचे कच्चे टाके असतात, ते कापायचे. बाहेरचे खिसे बहुधा शिवलेले असतात, लागतील तेवढेच उसवायचे. कोटाचे खालचे बटण लावत नाहीत आणि बसताना वरचेही सोडतात. स्वस्त कोटात आतला कडक थर गोंदाने चिकटवलेला असतो. त्यावर थेट गरम इस्त्री फिरवली तर फुगे येतात, म्हणून वर ओलसर कापड ठेवावे.

मास्तरांनी सगळ्या कामाचे ८५० रुपये घेतले. आम्ही घासाघीस केली नाही. शोरूममध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण दर्जीशी मात्र पन्नास रुपयांसाठी वाद घालतो. हजरत इद्रीस (अलै.) यांनी सर्वप्रथम कपडे शिवले, अशी रिवायत आपल्याकडे पूर्वापार सांगितली जाते. उत्तर भारतातले दर्जी स्वतःला इद्रिसी म्हणवतात ते त्यामुळेच. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांची हदीस आहे. एका दर्जीने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना जेवायला बोलावले, जवाची भाकर आणि दुधी-मांसाचा रस्सा वाढला, आणि आपण (सल्ल.) ताटातले दुधीचे तुकडे आवडीने शोधून खात होते. ज्याच्या दस्तरखानावर आपले नबी (सल्ल.) आनंदाने बसले, त्या पेशाला आपल्या मोहल्ल्यात कोपऱ्यातले एक मशीन आणि घासाघीस, एवढेच मिळावे का?

वलीम्याला सूट चांगला दिसला. फुफीने कोटाच्या खांद्यावर हात फिरवून "शिवून घेतला का?" असे विचारले, आणि मुलाने हसून मास्तरांकडे बोट दाखवले. मास्तर जेवणाच्या पंगतीत होते. कुरआनात एकीकडे इबादतीच्या वेळी सजून येण्यास सांगितले आहे आणि त्याच आयतीत फिजूलखर्ची मना केली आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, हे आम्हांला साडेसात हजारांच्या त्या कामात थोडे कळले.

काही महिन्यांनी सुनेने बोलता बोलता सांगितले की तिच्या अब्बांनी जोड्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे धाकटीच्या नर्सिंगच्या फीला गेले. समधींनी स्वतः हे आम्हांला कधीच सांगितले नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

सूट परत घेताना मास्तरांनी पँट उलटी करून दाखवली होती. मागच्या शिवणीत आवळलेले कापड त्यांनी कापले नव्हते, दुमडून आत टाचले होते. पायाशीही दोन इंच आत वळवलेले होते. शिवणीत राखलेल्या या जादा कापडाला दर्जी माया म्हणतात. "माया कधी कापू देऊ नका," ते म्हणाले. "माणूस भरतो, उतरतो. घरात धाकटा आहे ना?"

धाकटा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. भावापेक्षा अंगाने थोडा भरलेला, खांद्याला मात्र तेवढाच. पुढच्या महिन्यात त्याच्या कॉलेजात कंपन्या मुलाखतींना येणार आहेत. सूट पेटीतून काढून उन्हात ठेवला आहे. जुम्म्यानंतर मास्तरांकडे जायचे आहे. कंबरेत इंचभर माया शिल्लक आहे, तेवढी पुरेल, इन्शाअल्लाह.