ओळख पटेना

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र असतं, त्यावर बाण नेला की हे शब्द दिसायचे. मराठीत आणायचे तर ‘जोडलेला आहे, पण चार्ज होत नाही’. यातला ‘पण’ माझा. मूळ इंग्रजीत तिथं नुसता स्वल्पविराम आहे, आणि बिघाड नेमका त्या स्वल्पविरामात असतो.

लॅपटॉप पाच वर्षांचा. बॅटरी ३७ टक्क्यांवर येऊन थांबली होती. चार्जर लावलेला असेपर्यंत यंत्र चाले, पण रडतखडत. अक्षर टंकलं की ते पडद्यावर उमटायला क्षणभर लागे. कधी मध्येच चार्जिंग सुरू होई आणि दहा मिनिटांनी थांबे. मी तेव्हा एका कन्नड कादंबरीचं मराठी भाषांतर करत होते आणि मुदत जवळ आली होती. बेंगळुरूच्या पावसाळी संध्याकाळी वीज जाते, तेव्हा बॅटरीचाच काय तो भरवसा असतो.

अशा वेळी घरच्या घरी करण्यासारखं बरंच असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला मुख्य नियम. आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. मग चार्जरच्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचली: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट, इथं ६५. पिन बसते म्हणून घरातला दुसरा, कमी वॅटचा ठोकळा लावला, तर लॅपटॉप हळू चार्ज होतो किंवा होतच नाही. त्यानंतर सेटिंग पाहिलं. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून काही लॅपटॉप मुद्दाम ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतात. तो बिघाड नव्हे. शेवटी लॅपटॉप उलटा करून पाठ पाहिली. बॅटरी फुगली असेल तर टचपॅड वर उचलला जातो किंवा तळाचं झाकण नीट बसत नाही. तसं दिसलं तर पुढचे प्रयोग तिथंच थांबवावेत, बॅटरी दाबू नये, टोचू नये. माझी सपाट होती. म्हणजे सॉकेट, ठोकळ्याचे आकडे, सेटिंग आणि बॅटरीचा आकार या चारही गोष्टी ठीक होत्या.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप आत गेला आणि वीस मिनिटांनी एक कागद बाहेर आला: मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्चाचा आकडा त्या कादंबरीच्या भाषांतराच्या मानधनाहून मोठा होता. बोर्डावर नेमकं काय बिघडलंय, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आम्ही पार्ट दुरुस्त करत नाही, बदलतो.’ काउंटरवरचा मुलगा नम्र होता, आणि तो खरंच सांगत होता. त्याला दिलेलं कामच तेवढं होतं.

मग एस. पी. रोड गाठला. सादर पत्रप्पा रोड हे त्याचं पूर्ण नाव. ते क्वचितच कोणी घेतं. चिकपेटे, नगरथपेटे अशा जुन्या पेठांना लागून असलेला हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कन्नडमधलं ‘पेटे’ आणि आपली ‘पेठ’ एकच, त्यामुळे मराठी माणसाला इथल्या पाट्या अर्ध्या तरी ओळखीच्या वाटतात. एका जिन्याखालच्या, जेमतेम दोन माणसं मावतील अशा दुकानात एक भाई बसले होते. समोर सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, भिंग. गिऱ्हाइकाशी कन्नड, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी आणि माझ्याशी दखनी. त्या दखनीतला ‘ऐसाइच’ ऐकला की त्यातला ‘च’ घरचा वाटतो.

त्यांनी आधी चार्जरची पिन मीटरने मोजली. साडेएकोणीस व्होल्ट, बरोबर. मग त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून पाहिला. तक्रार तीच. म्हणजे ठोकळा निर्दोष. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ क्षणभर येऊन गेली: अ‍ॅडॅप्टरचा प्रकार ठरवता येत नाही. ती वाचून ते म्हणाले, “मॅडम, करंट बराबर आरा. पैचान नै होरी.”

वीज येते आहे, ओळख पटत नाही. एवढं नेमकं निदान मला त्या दोन आठवड्यांत कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यामागचं यंत्र असं. आपण ज्याला चार्जर म्हणतो तो ठोकळा चार्जिंग करतच नाही. घरातल्या विजेचं तो कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, इतकंच. बॅटरीत किती वीज, कधी आणि कुठवर भरायची हे लॅपटॉपमधलं सर्किट ठरवतं, कारण लिथियम-आयन बॅटरी जादा भरली तर पेट घेऊ शकते. म्हणून काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध केसासारखी एक पिन असते. तिच्यातून वीज पुरवली जात नाही, माहिती जाते. ठोकळ्यातली छोटी चिप त्या वाटेनं ‘मी ६५ वॅटचा’ असं सांगते. हे ऐकू आलं नाही तर लॅपटॉप सावध होतो. तो स्वतः हळू चालतो आणि बॅटरीला वीज देत नाही. माझी अक्षरं उशिरा उमटत होती ती यामुळे.

टाइप-सीच्या चार्जरमध्ये हा संवाद आणखी लांबतो. सुरुवात ५ व्होल्टपासून होते. चार्जर आपल्याकडे काय काय आहे याची यादी सांगतो, लॅपटॉप त्यातलं एक मागतो, चार्जर होकार देतो, आणि मगच दाब ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. ३ अँपिअरहून जास्त प्रवाह हवा असेल तर मधल्या केबललाही आपली ओळख द्यावी लागते. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी बंधनकारक केलं आहे, तेव्हा हा संवाद यापुढे बहुतेक टेबलांवर चालेल. चार्ज होत नसेल तर केबलवर संशय घेणंही मग ओघानं आलंच.

भाईंनी तळाचं झाकण काढलं, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली, आणि पिन जिथं घुसते तो जॅक बाहेर घेतला. जॅकपासून बोर्डापर्यंत वीतभराहून लहान तारांचा जुडगा जातो. दोन बाजूंना मीटर लावून एकेक तार तपासली. जाड तारांवर मीटर वाजला. बारीक तारेवर गप्प राहिला. बिजागरीजवळ ती किंचित वाकवली की वाजे, सोडली की बंद. अधूनमधून दहा मिनिटं चार्जिंग का व्हायचं, तेही उलगडलं. झाकण उघडून-मिटून तार आतून तुटली होती. मदरबोर्डाला काही झालं नव्हतं. नवा जॅक तारांसकट साडेचारशे रुपयांना बसला.

रस्त्यावरच्या पाट्यांत ‘रिपेरि’ जास्त, पण कन्नडमध्ये ‘दुरस्ति’ही आहे. आपल्या ‘दुरुस्ती’सारखाच तो फारसीतून आलेला शब्द. फरक असा, की कन्नडमध्ये रस्त्याची किंवा यंत्राची दुरस्ति होते; मजकुराची, कायद्याची होते ती ‘तिद्दुपडि’. मराठीनं दोन्ही कामं एकाच शब्दाकडे ठेवली. पंपाची दुरुस्ती, शुद्धलेखनाची दुरुस्ती, घटनादुरुस्ती. भाषांतर करताना ही जोडी मला नेहमी अडवते. पण त्या जिन्याखाली मराठीचाच शब्द मला बरोबर वाटला. एक शब्द कळला नाही म्हणून कुणी अख्खं प्रकरण फाडून नवं लिहीत नाही. कुठला शब्द, कुठल्या ओळीत, हे आधी शोधावं लागतं. ते शोधणं म्हणजे वाचणं, आणि त्याला वेळ लागतो. पार्ट बदलण्यात तो वेळ वाचतो आणि त्याची किंमत गिऱ्हाईक भरतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटीच्या अटी एका जागी द्याव्यात, हा त्यामागचा विचार. चांगलाच आहे. पण भाईंना जे येतं ते कुठल्या माहितीपुस्तकातून आलेलं नाही. ते दखनीत, कन्नडमध्ये, एका बाकड्यावरून दुसऱ्या बाकड्यावर तोंडी गेलेलं आहे, आणि असं जिन्याखालचं दुकान बंद झालं की त्याच्याबरोबर जाईल. आपल्या भाषेत ते लिहिलेलं मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात एक प्रश्न उरतो. ‘काय बदलावं लागेल?’ असं विचारलं की किंमत कळते. ‘कुठं तुटलंय, दाखवता का?’ असं विचारलं की समोरच्याला झाकण उघडावं लागतं.