ताई सांगते

मुलं झाली की घरात तक्ते येतात. लसीकरणाचा तक्ता, वजनाचा आलेख, कुठल्या महिन्यात काय भरवायचं त्याचा तक्ता, आणि सगळ्यात जालीम म्हणजे माईलस्टोन्सचा तक्ता. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं, बोलणं. ज्याचा अख्खा आठवडा माईलस्टोन आणि डेडलाईन असल्या शब्दांत जातो त्याला हा तक्ता बघून आधी एकदम घरच्यासारखं वाटलं. प्रोजेक्ट प्लॅनच की हा! फरक एवढाच की इथे स्टेटस विचारायला गेलं की समोरचा अंगठा चोखत आपल्याकडे बघतो.

आमच्याकडे दोन जण आहेत. थोरली आता साडेचार वर्षांची आणि धाकटा अडीचच्या थोडा पुढे. (नावं लिहायची नाहीत असा गृहखात्याचा आदेश आहे, तेव्हा थोरली आणि धाकटा.)

थोरली रांगलीच नाही. बसल्या बसल्या एका हाताचा रेटा देत ती अख्खा हॉल फिरायची, फरशी पुसायची गरज पडू नये इतकी. पण तक्त्यात "रांगणे" असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि आम्हाला त्याच्यापुढे टिकमार्क करता येत नव्हता. नातेवाईकांमध्ये चर्चा. कुणी म्हणे पाय कमजोर, कुणी म्हणे तुम्ही सारखं कडेवर घेता. मी आपला सवयीप्रमाणे नेटवर शोधाशोध केली, आणि त्यातून एक बरी गोष्ट सापडली. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या 816 मुलांच्या नोंदी ठेवून 2006 साली चालण्याफिरण्याचे सहा टप्पे प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ आहे 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे शेजारचं बाळ नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं सतराव्या, तरी दोघंही "वेळेवर". आणि त्यातली 4.3 टक्के मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ पुढच्या टप्प्याला गेली. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सीडीसीने आपला तक्ता सुधारला तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं. थोरली अकराव्या महिन्यात उठून चालायला लागली आणि विषय मिटला. तेव्हापासून तक्त्यातल्या तारखा म्हणजे तारखा नसून खिडक्या आहेत हे मी ऑफिसात नव्याने बाप झालेल्या प्रत्येकाला ऐकवतो. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन काळजी करतातच. असो.

त्या सुधारलेल्या तक्त्यात अजून एक बदल होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पूर्वी साधारण निम्मी मुलं जे करतात ते त्या वयापुढे लिहायचे. आता निदान पंचाहत्तर टक्के मुलं करतात तेच लिहितात. म्हणजे तक्ता आधीपेक्षा सैल झाला, पण त्याचा दुसरा अर्थ असा की आता त्यात राहून गेलेलं काही दिसलं तर "करेल हो, घाई काय" म्हणून सोडून द्यायला जागा कमी. आम्हाला हे धाकट्याच्या वेळी कळलं.

धाकटा रांगला, उभा राहिला, चौदाव्या महिन्यात चालला. पण बोलेना. अठराव्या महिन्याच्या रांगेत आई-बाबा सोडून तीन शब्द तरी म्हणायचा प्रयत्न करतो असं आहे. याच्याकडे होता एक. "ताता." म्हणजे ताई. आई नाही, बाबा नाही, ताता! बायकोने ते मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणते.

गंमत म्हणजे घरात त्याचं काही अडत नव्हतं, कारण ताता होती ना. त्याने बोट दाखवलं की थोरली जाहीर करणार, "त्याला बॉल हवाय. लाल नाही. तो कपाटामागे गेलाय ना, तो." आणि बॉल तोच निघायचा. तो रडला की ही सांगायची, "त्याला भूक नाही लागली, त्याचा मोजा ओला झालाय." मोजा खरंच ओला असायचा. वॉचमनकाका, भाजीवाल्या मावशी, व्हिडिओ कॉलवरची आत्या, सगळ्यांशी त्याचा व्यवहार हिच्यामार्फत. मोठमोठ्या नेत्यांच्या मागे खुर्ची टाकून दुभाषे बसतात ना, तसा एकूण थाट. फक्त ही दुभाषी नेत्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी.

त्यामुळे सल्लेही तसेच यायचे. "मोठी बोलते ना सगळं, मग तो कशाला तोंड उघडेल?" "मुलगे उशिराच बोलतात." "आमचा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता गप्प बसवत नाही." "वेखंड उगाळून लावा जिभेला." वेखंड राहू दे बाजूला, पण पहिली दोन वाक्यं फार गोड असतात. आईबापांना जे ऐकायचं असतं तेच सांगतात. आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उशिरा बोलेल, लवकर बोलेल, ते नंतर बघू. आधी ऐकतो का ते बघू."

ऐकतो का? हा प्रश्न घेऊन घरी आलो त्या रात्री आम्ही दोघं जे काही करत होतो ते आठवून आता हसू येतं. तो झोपलेला, आणि आम्ही त्याच्या मागे उभं राहून चमचा वाटीवर वाजवतोय. तो कुशीवर वळला. ऐकून वळला की असाच वळला? पुन्हा वाजवा. बायकोने तिसऱ्यांदा वाटी हातात घेतली तेव्हा तिचा हात थरथरत होता. मग आम्ही लाईट घालवून पडून राहिलो. झोप कुणालाच लागली नाही.

तपासणी साधी असते. कानात एक मऊ बोंडूक घालतात, त्यातून बारीक आवाज सोडतात. आतला कान नीट असेल तर तोही उलट एक अतिशय बारीक आवाज करतो, आणि मशीन तो टिपतं. कान स्वतः उत्तर देतो! मला ही कल्पनाच भारी वाटली. स्क्रीनवर दोनच शब्द येतात, "पास" किंवा "रेफर". नापास म्हणत नाहीत, पुढे दाखवा म्हणतात. आमच्याकडे दोन्ही कानांना "रेफर" आलं. मी आयुष्यात एरर मेसेज कमी पाहिलेत अशातला भाग नाही, पण हा सभ्य शब्द पोटात घुसला.

मग दुसरी तपासणी, कानाच्या पडद्याची. तिचा आलेख डोंगरासारखा यायला हवा, याचा आला सपाट. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं की पडद्यामागे पाणी साठलंय. सर्दी-पडशानंतर लहान मुलांमध्ये हे खूपदा होतं, नाकाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते म्हणून. पाण्यामुळे आवाज आत नीट पोचत नाही, आणि त्या पहिल्या मशीनला कानाचं उत्तरही ऐकू येत नाही. त्याला जग कसं ऐकू येत असेल असं विचारलं तर म्हणाले, पोहताना डोकं पाण्याखाली घातल्यावर बाहेरची माणसं बोलतात ना, साधारण तसं. बहुतेकदा आपोआप ओसरतं. तीन महिने थांबा, मग पुन्हा तपासू. तोवर त्याच्याशी बोलताना जवळ जा, त्याच्या उंचीला बसा, चेहरा समोर ठेवा.

हे ऐकताना बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं तिला काय आठवलं ते. थोरली त्याच्याशी असंच बोलायची! त्याचे दोन्ही गाल तळव्यांत धरायचे, नाकाला नाक लागेल इतकं जवळ जायचं आणि ओरडायचं, "दूऽऽध!" आम्हाला वाटायचं दादागिरी करते. तिला विचारलं, तू अशी का बोलतेस गं त्याच्याशी? तर म्हणाली, "तसंच बोलायचं असतं त्याच्याशी." तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

तीन महिने थांबणं हे लिहायला तीन शब्द आहेत. ते कसे गेले त्यात सांगण्यासारखं काही नाही. दर सर्दीला धसका, एवढंच. तीन महिन्यांनी सपाट रेषेचा डोंगर झाला होता. पहिल्या मशीनवर "पास", "पास". आम्ही दोघं तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. थोरलीने "घरी जायचं का आता?" असं चार वेळा विचारलं तेव्हा उठलो.

खरी मजा पुढे झाली. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं की त्याला सगळं समजतंय, बोट दाखवतोय, डोळ्यात बघतोय, छान आहे. आता त्याला बोलायची गरज पडू द्या. त्याने काही मागितलं की लगेच देऊ नका, मनात पाच आकडे मोजा. हे आम्हाला जमलं. पण दुभाषीचं काय? तिला समजावलं की आता थोडे दिवस तू नाही सांगायचं, त्याला सांगू दे. तिने गंभीरपणे मान हलवली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तो पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवतोय, तिच्याकडे बघतोय, आणि ही तोंड दाबून, डोळे विस्फारून, अंगातल्या अंगात उड्या मारतेय. मी तीनपर्यंत पोचलो असेन.

"पाई."

पाणी! ती सोसायटीच्या जिन्यावरून "तो पाणी म्हणालाऽऽ" ओरडत खालपर्यंत गेली.

आठवड्याभरात पाच शब्द, महिन्याभरात मी मोजणं सोडलं. आणि मग एका रात्री थोरली झोपताना रडायला लागली. बराच वेळ सांगेना. शेवटी म्हणाली, "तो मला बोट दाखवतच नाही आता. तुम्हालाच सांगतो." मी काय सांगणार? तिचं कामच गेलं होतं, आणि ते आम्हीच तिला सोडायला लावलं होतं. त्याच्या टिकमार्कची किंमत तिने भरली. आमच्या फ्रिजवरच्या तक्त्यात एका पोराला एकच रांग आहे. एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याचं काहीतरी सरकतं हे लिहायला त्यात रकाना नाही.

आता नवीन खातं उघडलंय, व्याकरण! धाकटा "मी येते, मी झोपते" असं बोलतो. साहजिकच आहे. दिवसभर त्याच्या कानावर आई, ताई आणि कामाच्या मावशी, सगळ्या येते-जाते-करते. "येतो" म्हणणारा मी एकटा, तोही रात्री आठनंतर आणि शनिवार-रविवार. ट्रेनिंग डेटाच तसा आहे, मॉडेल काय करणार? थोरली त्याला दुरुस्त करायची, "मुलगे 'येतो' म्हणतात." तेवढ्यात सासूबाई राहायला आल्या. त्या अस्सल कोल्हापूरच्या. "थांब बाळा, मी येतो की!" झालं, नियम मोडला. थोरलीने दोन दिवस विचार करून नवा नियम काढला की बाबा आणि म्हाताऱ्या बायका "येतो" म्हणतात. सासूबाईंना तो अजून सांगितलेला नाही.

आणि "केलं"ला तो "करलं" म्हणतो. "बाबा ऑफिसला जाला." "मी पझल करलं." आमच्या घरात कुणीही "करलं" म्हणत नाही, तेव्हा हे ऐकून उचललेलं नाही, त्याने स्वतः बनवलंय. जीन बर्को नावाच्या बाईंनी 1958 साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना "वग" नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून विचारलं होतं की असे दोन असतील तर काय म्हणाल. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बिनचूक केलं. म्हणजे मुलं शब्द पाठ करत नाहीत, नियम काढतात. पण आमच्यासाठी "करलं"ला आणखी एक अर्थ आहे. शब्दाच्या शेवटचा तो बारीकसा "लं" त्याच्यापर्यंत पोचला, इतक्या वेळा पोचला की त्याने त्याचा नियम बनवला. कुणी त्याला दुरुस्त करायला लागलं की बायको म्हणते, राहू द्या हो, छान बोलतोय.

परवा लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला नाव विचारलं. जुन्या सवयीने थोरलीने तोंड उघडलं. त्याने हात वर करून तिच्या तोंडावर ठेवला. "ताई नको. मी सांगते." आणि मग चपलेकडे बघत गप्प. दुसरा मजला, तिसरा, चौथा. काकू थांबल्या, मी थांबलो, थोरली त्याचा हात तोंडावर तसाच ठेवून थांबली. पाचवा आला, काकू हसत उतरल्या, दार बंद व्हायला लागलं आणि याने बंद होणाऱ्या दाराला खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट. थोरलीने झडप घालून दार उघडायचं बटण दाबलं.

"काकू, थांबा! तो सांगतोय!"