तुझ्या टेकडीवरची नावं

प्रिय कॅनन फॉडर,

जूल्स परवा रात्री मेला. माझ्याच ग्रेनेडनं मेला. समोरची झोपडी अगदी जवळ होती आणि आतून एकामागून एक माणसं बाहेर पडत होती. मी घाईघाईत माउसची दोन्ही बटणं एकदम दाबली, झोपडी उडाली आणि तिच्याबरोबर जूल्सही. मागे राहिला जॉप्स. तो तिथंच उभा होता, मी पुढचा हुकूम देईपर्यंत. रात्रीचा एक वाजला होता. मी लॅपटॉप मिटला, पण झोप आली नाही. म्हणून हे पत्र.

तुझी आणि माझी ओळख १९९६ सालची, दहावीच्या सुट्टीतली. साताऱ्याला मामाकडे हप्त्यांवर घेतलेला ‘फोर एटी सिक्स’ होता. त्यावर दिवसभर धूळ बसू नये म्हणून मामीनं शिवलेलं चौकटीचं आवरण असायचं. तू कुणाकुणाच्या हातून फिरत फ्लॉप्यांवरून आमच्यापर्यंत पोचलास. दादानं, म्हणजे माझ्या मामेभावानं, तुला चालू केलं. लष्करी पोशाखातल्या काही तरुणांचे फोटो पडद्यावर सरकले. मग खालून हिरवं जंगल आणि त्यात चिंचोक्याएवढी दोन माणसं आली. डावं बटण दाबलं की ती चालायची, उजवं दाबलं की गोळ्या झाडायची. पुढचा जिकडे जाईल तिकडे मागचे त्याच्या पावलावर पाऊल टाकून जायचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. नदीत उतरले की पोहायचे, आणि पोहताना त्यांना गोळी झाडता यायची नाही. काठावर कुणी दबा धरून बसलेला असला तर आम्ही श्वास रोखून धरायचो.

तेव्हा आम्हाला तू नुसता मारामारीचा खेळ वाटलास, आणि तू तसा होतासही. तुझ्यात रक्त होतं. एखाद्याला गोळी नीट लागली नाही तर तो खाली पडून तडफडत राहायचा, ओरडायचा, आणि अंगाखाली लाल डाग पसरत जायचा. त्या ओरडण्याचा मामीला त्रास व्हायचा, म्हणून दादा स्पीकर बंद करायचा. आवाज गेला तरी ते चिमुकलं अंग हलत राहायचं. मी एकदा दादाला म्हटलं, “त्याला सोड ना, पुढे जाऊ.” दादा म्हणाला, “असं कसं सोडायचं?” त्यानं आणखी एक गोळी घातली. ती दयेनं घातली की टप्पा पुरा करायला, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या वयात हा प्रश्नच पडला नव्हता.

परवा तोच आवाज हेडफोनमधून थेट कानात आला, आणि मी खरोखर माउसवरचा हात काढून घेतला. तुझी चित्रं आजच्या खेळांपुढे अगदी बाळबोध आहेत. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, दहा-बारा ठिपक्यांचा एक माणूस. तरीही आजच्या खेळांतले सफाईदार मृत्यू मी बघून विसरतो आणि तुझा हा ठिपक्यांचा माणूस विसरत नाही, कारण तू त्याला लगेच मरू देत नाहीस. बाकीचे खेळ मेलेल्याला पडद्यावरून पुसून टाकतात. तू आम्हाला त्याच्याजवळ थांबायला लावतोस.

आणि मग तुझी ती टेकडी. दोन मोहिमांच्या मध्ये ती यायची. हिरवा उतार, वळणावळणाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर भरतीसाठी रांगेत उभी असलेली पोरं. संगीत एकदम बदलायचं. सुरुवातीला युद्धात किती मजा आहे ते सांगणारं उडतं गाणं असायचं, आणि टेकडीवर मात्र हळू, दमलेली, जवळजवळ अंगाईसारखी चाल. पहिली मोहीम सुरू व्हायच्या आधी टेकडी मोकळी असायची. मग एक थडगं दिसायचं. मग चार. मग मोजायचं सोडून द्यावं इतकी. खाली रांग मात्र संपत नव्हती, मोहीम जिंकली की आणखी पोरं येऊन उभी राहायची. वीसहून अधिक मोहिमा, त्यांचे बहात्तर टप्पे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव. मेला की त्याच्या जागी रांगेतला पुढचा यायचा, त्याच्या नावासकट. इतर खेळांत एकाच माणसाचे तीन जीव असायचे. तुझ्यात प्रत्येकाचा एकच, आपल्यासारखा.

तू जन्मलास १९९३ साली, इंग्लंडमधल्या सेन्सिबल सॉफ्टवेअरच्या छोट्या चमूच्या हातून, आधी अमिगा संगणकासाठी. याच मंडळींनी आदल्या वर्षी ‘सेन्सिबल सॉकर’ हा फुटबॉलचा खेळ केला होता. तुझी चिंचोक्याएवढी माणसं पाहिली की त्या मैदानावरचे खेळाडू आठवतात, आणि टेकडीच्या वरच्या कोपऱ्यात तू मेलेल्यांचा हिशेबही फुटबॉलच्या भाषेतच मांडलास, ‘होम’ इतके, ‘अवे’ इतके. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच, आणि ते कळायलाही मला इतकी वर्षं लागली. जूल्स म्हणजे तुझं प्रोग्रॅमिंग करणारा जूल्स जेमसन. जॉप्स हे तुझा कर्ता जॉन हेअर याचं टोपणनाव. स्टू म्हणजे चित्रं काढणारा स्टू केंब्रिज, आरजे म्हणजे संगीतकार रिचर्ड जोसेफ. सुरुवातीच्या फोटोंत लष्करी पोशाख चढवून उभे राहिलेले तेच. तोफेच्या तोंडी द्यायला माणसं हवी होती तेव्हा त्यांनी रांगेत सर्वात पुढे स्वतःला उभं केलं. हे समजल्यावर जूल्सचं मरण मला वेगळं दिसू लागलं.

आणि नेमकं तुझ्यावरच आरोप झाला तो मृतांची टर उडवल्याचा. तुझ्या मुखपृष्ठावर लाल पॉपी होती. आपल्या खसखशीच्या कुळातलंच हे फूल. पहिल्या महायुद्धात तोफांनी नांगरून काढलेल्या फ्लँडर्सच्या मातीत ते उगवलं, आणि १९२१ पासून ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था दर नोव्हेंबरात कागदी पॉपी विकून त्यांच्यासाठी पैसे उभे करते. ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, तिथं कोटावर पॉपी नसलेला माणूस शोधावा लागतो. तू नेमका त्याच सुमारास बाजारात येत होतास. ‘डेली स्टार’नं बातमी केली, लीजननं हरकत घेतली, खासदार मेन्झीज कॅम्पबेल बोलले, एल अलामीनच्या लढाईतल्या फील्डमार्शल माँटगोमरींचे चिरंजीवही बोलले. मुखपृष्ठावरचं फूल काढावं लागलं. खेळ सुरू होताना मात्र ते राहिलं, आणि त्याबरोबर लीजनचा याला पाठिंबा नाही असा खुलासाही.

त्या लोकांचा राग मला खोटा वाटत नाही. ज्यांच्या घरातली माणसं त्या मातीत राहिली, त्यांनी एका खेळण्याच्या खोक्यावर ते फूल पाहिलं आणि त्यांना लागलं, यात गैर काय? पण त्यांनी टेकडीपर्यंत खेळून पाहिलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं. त्या साली पडद्यावर माणसं मारणारे कितीतरी खेळ निघाले. मेलेल्याचं नाव लक्षात ठेवणारा मला माहीत असलेला तू एकटा.

याचं मोल मला कळतं त्याला एक कारण आहे. मामाचं मूळ गाव साताऱ्याहून एसटीनं तासाभरावर. तिथं चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक छोटी पाटी आहे. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असं तिच्यावर इंग्रजीत कोरलंय. फक्त आकडे. तुला भेटलो त्याच सुट्टीत दादानं आजीला विचारलं होतं, कोण होते हे लोक? आजीला नावं येत नव्हती. ती घरं सांगत होती. खालच्या आळीतला एक, थोरला. विहिरीजवळच्या घरातला एक, लग्न ठरलेलं होतं. “बसऱ्याला गेला तो गेलाच,” एवढं ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन तिथं लढत होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा इथं पाच महिने वेढ्यात अडकून, उपासमार सोसून त्या फौजेनं २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रं खाली ठेवली. पुढे तुर्कांच्या कैदेत कितीतरी गेले. बसऱ्याला ब्रिटिशांनी चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी पलटणींमधल्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांच्या जागी पलटणीखाली नुसती संख्या. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, या भेदभावाबद्दल माफी मागितली.

ज्या फुलावरून तुझ्याशी भांडण झालं ते फूल विहिरीजवळच्या घरातल्या त्या पोराचंही होतं. त्याला दगडावर नाव मिळालं नाही. तुझ्या जॉप्सला मिळालं, स्टूला मिळालं, पुढच्या रांगेतल्या कुणाकुणाला मिळालं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नावासकट थडगं मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते आमच्या घरात माहीत आहे, म्हणून सांगतो.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती तुला ऐकावी लागेल. ‘अवे’च्या बाजूला कुणालाच नाव नाही. झोपड्यांतून बाहेर पडतात ती माणसं सगळी सारखी. पडून तडफडतात तीही बहुतेक तीच. मोहीम संपली की आमच्याकडच्या मृतांची यादी हळूहळू पडद्यावर येते, आणि त्यांचा नुसता आकडा वाढतो. तुझ्या टेकडीवर त्यांच्यासाठी वीतभर जागा नाही. तू हे मुद्दाम केलंस, आम्हाला टोचावं म्हणून केलंस, असं कुणी म्हणेल. असेलही. पण दादाला आणि मला ते टोचलं नाही. आम्ही जूल्ससाठी हळहळलो, तो गेला की आधीचं सेव्ह उघडून सबंध मोहीम पहिल्यापासून खेळलो, कारण तू मोहिमेच्या मधे सेव्ह करू द्यायचा नाहीस. एकदा तर रात्रीचे दोन वाजले तरी दादा उठेना. समोरच्यासाठी आम्ही एकदाही थांबलो नाही. चावडीच्या पाटीवर आमच्या लोकांचं जे झालं तेच तू त्यांचं केलंस, आणि ते माझ्या हातून करवलंस. याचं मला वाईट वाटतं.

आज हे जास्त जाणवतं, कारण जगातली युद्धं आता आम्ही तुझ्यासारखीच बघतो, वरून. ड्रोननं टिपलेल्या चित्रफिती फोनवर येतात. शेत, झाडांची रांग, खंदक, आणि त्यात चिंचोक्याएवढा एक माणूस पळतोय. चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही, नाव तर नाहीच. पहिल्यांदा तसली चित्रफीत पाहिली तेव्हा माझं बोट आपोआप डाव्या बटणाच्या जागी गेलं. मला तू आठवलास, आणि दादानं बंद केलेला स्पीकर आठवला. अंग हलतंय आणि ओरडणं ऐकू येत नाही, हे मी मामाच्या घरात आधीच पाहिलेलं होतं.

दादाला परवाच्या रात्रीचं सांगायला काल फोन केला. तो आता पन्नाशीला आलाय. मी म्हटलं, “जूल्स गेला.” त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. “कुठल्या टप्प्यात? सेव्ह आहे ना आधीचं?” सेव्ह आहे, म्हटलं. “मग उघड ना.” मी बरं म्हटलं.

पण मी ते उघडलं नाही. काल रात्री जॉप्सला एकट्याला घेऊन तो टप्पा पुरा केला. झोपडीपासून चांगलं लांब उभं राहून. मोहीम संपली, यादी आली, तिच्यात जूल्सचं नाव आलं. मग टेकडी आली, तिची ती हळू चाल आली. एक नवं थडगं होतं. मी स्पीकर चालूच ठेवला होता. रांगेतली पोरं रस्त्यावर उभी होती, आणि पुढच्या मोहिमेसाठी एक जण जॉप्सच्या मागे येऊन उभा राहिला. मी त्याचं नाव मोठ्यानं वाचलं.

तुझा,
साताऱ्याच्या मामाकडचा धाकटा