राखीगढीची आजी

आपल्या घरांतून कुलाचा इतिहास सांगण्याची हौस मोठी आहे. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघालेले आहेत. मूळ पुरुष कोणत्या गांवचा, कोणाच्या पदरीं राहिला, वतन कसें मिळालें, घाट केव्हां चढला, हें सारें त्यांत मोठ्या कौतुकानें नमूद केलेलें असतें. परंतु दहा-पंधरा पिढ्या मागें गेलें कीं कागद संपतो. त्यापलीकडे उरतें तें गोत्र आणि प्रवरांतील ऋषींचीं नांवें. कागद संपतो तेथून पुढें वाट विचारावयाची असेल, तर तिचा एक मुक्काम कोंकणांत नाहीं व देशावरही नाहीं. तो हरियाणांतील राखीगढी या गांवीं आहे.

दिल्लीच्या वायव्येस सुमारें १५० किलोमीटरांवर हें गांव आहे. रोहतक मागें टाकून हांसीच्या बाजूस निघालें कीं दोहों अंगांस सपाट शेतजमीन लागते. हिवाळ्यांत गव्हाची हिरवळ आणि मोहरीचा पिवळा रंग यांनीं ती भरून जाते. सह्याद्रीच्या सावलींत वाढलेल्या माणसास इतका सपाट मुलूख प्रथम चमत्कारिकच वाटतो. म्हणूनच त्या सपाटींत एकाएकीं वर आलेलीं टेंकाडें दुरूनही नजरेंत भरतात. तीं निसर्गानें घडविलेलीं नव्हेत. शेंकडों वर्षें लोक एकाच जागीं राहिले, घरें पडलीं, त्यांवर नवीं बांधलीं, आणि थरांवर थर चढून तीं उंचावलीं. राखी खास व राखी शाहपूर हीं आजचीं दोन गांवें त्यांच्याच अंगाखांद्यावर वसलीं आहेत. वर हल्लींचीं घरें, गोवऱ्यांच्या उडव्या, दावणीच्या म्हशी. आणि खालीं सिंधु संस्कृतीच्या सर्वांत मोठ्या नगरांपैकीं एक. जवळून गेलेलें चौतांग नदीचें कोरडें पात्र हेंच वैदिक दृषद्वतीचें, असें अनेक विद्वान मानितात.

येथें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें १९९७ पासून कांहीं वर्षें उत्खनन केलें. पुढें हें काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें हातीं घेतलें. ज्या संस्थेंत सांकळियांनीं पुरातत्त्वाची आणि इरावतीबाई कर्व्यांनीं मानववंशशास्त्राची परंपरा घातली, तिच्याच डॉ. वसंत शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वस्तीबाहेरील दफनभूमि उकलली. तेथील एका थडग्यांत एक स्त्री उत्तर-दक्षिण निजविलेली आढळली. उशाशीं मातीचीं भांडीं मांडलेलीं होतीं. तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं. सिंधु लिपि अद्याप वाचतां आलेली नाहीं. त्यामुळें तें लिहून ठेविलें असतें तरी आपणांस कळलें नसतें. तिचा काळ इ. स. पू. २८०० ते २३०० च्या दरम्यानचा.

जें लिपीनें सांगितलें नाहीं, तें हाडानें सांगितलें. आपल्या प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नांवाचें तंतुरूप द्रव्य असतें. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली ती पोथी अर्धी आईकडून व अर्धी बापाकडून मिळते. माणूस मेल्यावर तिचीं पानें फाटूं लागतात. थंड प्रदेशांत तीं हजारों वर्षें टिकतात. आपल्याकडील ऊन आणि पावसाळी दमट हवा यांत मात्र लवकर विरतात. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकीं वाचतां येण्याजोगें द्रव्य एकाच व्यक्तीच्या हाडांत मिळालें, आणि ती व्यक्ति म्हणजे ही स्त्री. त्यांतही उपयोगी पडलें तें कवटीच्या आंत, कानाच्या मुळाशीं असलेलें अत्यंत कठीण हाड. तें उगाळतांना शास्त्रज्ञ नखशिखांत झांकून घेतात. कारण त्यांच्या श्वासांतला एक कणही जुन्या पोथींत नवें पान मिसळूं शकतो. जुन्या द्रव्याच्या टोंकांशीं कांहीं अक्षरें ठराविक रीतीनें बिघडलेलीं असतात. त्या बिघाडावरूनच तें खरोखर प्राचीन आहे कीं नाहीं याची पारख होते. हैदराबाद येथील पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्र आणि अमेरिकेंतील हार्वर्ड येथील प्रयोगशाळा यांच्या साहाय्यानें हें वाचन पुरें झालें, व सप्टेंबर २०१९ मध्यें ‘सेल’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

तिच्या पोथींत दोन धारा आढळल्या. एक धारा प्राचीन इराणच्या लोकांशीं दूरचें नातें सांगणारी; पण हें नातें इतकें जुनें कीं शेतीचा उदय होण्यापूर्वींच दोन्ही शाखा वेगळ्या झालेल्या होत्या. दुसरी धारा याच भूमींतील प्राचीन शिकारी लोकांची. अंदमानचे आदिवासी हे तिचे दूरचे आप्त. अशीच घडण असलेलीं ११ माणसें इराणांतील शहर-इ-सोख्ता व तुर्कमेनिस्तानांतील गोनूर येथें पुरलेलीं सांपडलीं आहेत. तीं सिंधु संस्कृतीच्या मुलुखांतून तिकडे गेलेल्यांपैकीं असावींत. ज्या समाजाची ही स्त्री, त्या समाजाचा वांटा आजच्या दक्षिण आशियांतील लोकांच्या पूर्वजांत सर्वांत मोठा आहे.

तिच्या हाडांत तिसरी एक धारा नाहीं, हेंही तितकेंच महत्त्वाचें. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत वेदांतील दीर्घ उषांच्या वर्णनावरून आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ ठरविलें होतें. त्यांच्या हातीं वेदवचनें होतीं; हाडें नव्हतीं. हाडांचा पुरावा ध्रुवाकडे बोट दाखवीत नाहीं; तो काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांकडे दाखवितो. २०१९ मध्येंच ‘सायन्स’ या नियतकालिकांत ५२३ प्राचीन व्यक्तींच्या नव्या अभ्यासावरून दाखविण्यांत आलें कीं, त्या मैदानांतील पशुपालकांची धारा इ. स. पू. २००० ते १५०० च्या सुमारास या देशांत मिसळली. ती बहुतेक समाजांत कमीअधिक आहे. पौरोहित्याची परंपरा असलेल्या कित्येक समाजांत, म्हणजे आपल्याही घरांत, तिचें प्रमाण कांहींसें अधिक आढळतें. आणि ती मुख्यतः पुरुषांकडून आली.

हे निष्कर्ष जाहीर होतांच दोन पक्षांनीं त्यांचीं दोन टोंकें धरलीं. एक म्हणाला, “पाहा, आपण येथलेच!” दुसरा म्हणाला, “पाहा, तुम्ही बाहेरचे!” हाड मात्र कोणत्याच पक्षाचें नाहीं. एका स्त्रीच्या हाडावरून साऱ्या नगराची शिरगणति होत नाहीं, आणि ती कोणती भाषा बोलत होती हें तर तें मुळींच सांगत नाहीं. परंतु एक गोष्ट तें निःसंशय सांगतें. ज्यास आपण शुद्ध वंश म्हणतों, असें कांहीं या देशांत कोणाकडेच नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें सुमारें ४२०० ते १९०० वर्षांपूर्वींच्या काळांत येथील समाज एकमेकांत मनसोक्त मिसळले. नंतर जातीजातींचे दरवाजे लागले, व लग्नें आंतल्या आंत होऊं लागलीं. दार लावण्यापूर्वींच सारे एका अंगणांत येऊन गेले होते.

वाचकहो, स्थळ पाहतांना आपण प्रथम गोत्र विचारतों. गोत्र बापाकडून चालतें; लग्न होतांच मुलीचें गोत्र पुसलें जातें. सृष्टीनें मात्र एक वही निराळी ठेविली आहे. पेशींतील मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म अंगाची जनुकें केवळ आईकडून येतात. मुलगी तीं आपल्या मुलांस देते, मुलगा देऊं शकत नाहीं. राखीगढीच्या स्त्रीची ही मातृशाखा आज जवळजवळ केवळ दक्षिण आशियांतच आढळते. गवताळ मैदानांतून आलेल्या पुरुषांनीं ज्या घरांत संसार थाटले, तेथें चूल पेटविणाऱ्या बायका पुष्कळशा याच मातीच्या होत्या. कुलवृत्तांतांत मूळ पुरुषास पहिलें पान मिळतें. मूळ स्त्रीस एक ओळही मिळत नाहीं. दीडशेंहून अधिक पिढ्यांपूर्वींच्या त्या बायका आपल्या आज्याच. त्यांचें गोत्र तेवढें आपणांस सांगतां येत नाहीं.

श्राद्धांत आपण आई, आजी व पणजी यांचा उच्चार करतों, आणि तेथें आपलें स्मरण संपतें. परंतु ज्यांचें नांव-गोत्र ठाऊक नाहीं, ज्यांस पाणी देणारें कोणी उरलें नाहीं, अशांसाठींही तर्पणांत एक ओंजळ सोडण्याची रीत आपल्या पूर्वजांनीं घालून दिली आहे. ती सोडतांना यापुढें दृषद्वतीच्या कोरड्या कांठावरील, उशाशीं भांडीं मांडून निजविलेल्या त्या बाईचें स्मरण व्हावें. कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघेल, तेव्हां मूळ पुरुषाच्या आधीं तिच्यासाठीं एक ओळ मोकळी ठेवावी.